छंदात अडलंय? वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा आली आहे. विसावा मिळावा म्हणून छंद धरला आणि त्याचाच डोक्याला ताप झाला. बऱ्याच जणांनी पुढे लिहिलंय, ‘माझ्या हातात कलाच नसावी.’ पत्रं वाचल्यावर आम्हाला तसं वाटलं नाही. जवळपास प्रत्येक अडचणीच्या मुळाशी एखादी साधी गोष्ट आहे: चुकीच्या जागी घातलेला टाका, पातळ कागद, अवघडलेला जबडा. ती सुधारली की त्याच कामात मन रमायला लागतं. म्हणून या वेळी उपदेश बाजूला ठेवून थेट दुरुस्तीकडे वळतो.

प्रश्न : क्रोशाचा मफलर विणायला घेतला. सुरुवातीला वीस खांब होते, हातभर विणून मोजले तर पंधराच. मधे कुठेही टाका सुटलेला दिसत नाही, तरी मफलर निमुळता होत चाललाय. खालची कडही आखडली आहे. तीनदा उसवला, आता सुई हातात घ्यावीशी वाटत नाही.

टाके मधे हरवलेले नाहीत, ते कडेला हरवलेत. खांबांच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, विणीत ओळ संपली की आपण तीन साखळ्या घालून काम उलटवतो. या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. तो पहिल्या टाक्यावर आधीच उभा असतो, म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा. चुकून पहिल्यातच घातला तर एक टाका वाढतो.

तुमचा घोटाळा मात्र ओळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत जायला हवा. ती साखळी बाजूला कलंडलेली असते, टाक्यासारखी दिसतच नाही, गाठ असावी असं वाटतं. आपण ती सोडून काम उलटवतो आणि एक खांब कमी होतो. असं पाच ओळींत झालं की वीसाचे पंधरा. एखाद्या ओळीत टाका सुटला आणि एखाद्या ओळीत वाढला तर कड नागमोडी होते.

उपाय सोपा आहे. तिसरी साखळी घातल्याघातल्या तिच्यात एक छोटी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. परतीच्या वेळी शेवटचा खांब बरोबर त्या पिनेच्या जागी जाईल. पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी मोजा, मग ती जागा नजरेत बसते. तीन साखळ्यांमुळे कडेला फट दिसत असेल तर दुसरी रीत वापरा. उलटवताना दोनच साखळ्या घाला, त्या मोजू नका आणि पहिला खांब पहिल्याच टाक्यात घाला. या रीतीत परतीचा शेवटचा खांब साखळीवर न घालता मागच्या ओळीच्या शेवटच्या खऱ्या खांबावर घालायचा. एकाच विणकामात दोन्ही रीती मिसळू नका.

खालची कड आखडते कारण पायाची साखळी घट्ट पडते. साखळीला खांबाइतकी लवचीकता नसते. नवशिके ती दातओठ खाऊन विणतात, मग वरचं काम पसरतं आणि खालचं जागेवरच राहतं. तेव्हा फक्त पायाच्या साखळीसाठी एक-दोन नंबर मोठी सुई घ्या, म्हणजे काम ४ मिमीच्या सुईने करणार असाल तर साखळी ५ मिमीच्या सुईने. वीस खांबांसाठी बावीस साखळ्या घालायच्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धरून एकोणीस आणि एक असे वीस होतात.

आता पुन्हा सगळं उसवू नका. जिथे वीस खांब भरतात त्या ओळीपर्यंतच उसवा. उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच वापरली तर टाके लहानमोठे पडतात. खुर्चीच्या पाठीवर तिचे सैलसर वेढे घ्या, दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात बुडवून काढा आणि टांगून वाळवा. सरळ होते. शिकताना लोकर फिक्या रंगाची आणि गुळगुळीत असू द्या. गडद रंगात टाक्याचं भोक दिसत नाही आणि केसाळ लोकर उसवता येत नाही.

याच पत्रात गोल आसनाबद्दलही विचारलंय. मुक्या खांबांचा, म्हणजे आखूड टाक्यांचा, सपाट गोल हवा असेल तर हिशेब सहाचा असतो. पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०, म्हणजे प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे. गोल वाटीसारखा वर उचलला तर टाके कमी पडलेत, कडेला लाटा आल्या तर जास्त झालेत. वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले की गोलाचा षटकोन होतो, म्हणून एक फेरी सोडून वाढीची जागा थोडी पुढे सरकवा.

आणि मनगट दुखत असेल तर सुई बदलण्याआधी पकड बघा. सुई पेनसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही चालतं. अंगठ्याचं नख पांढरं पडतंय का ते पाहा. पडत असेल तर मूठ नको इतकी आवळलेली आहे.

प्रश्न : जलरंगात आकाश रंगवायला घेतलं की मधेच फुलकोबीसारखे डाग उठतात, कागद फुगून खड्डे पडतात आणि शेवटी सगळे रंग चिखलासारखे होतात. व्हिडिओत इतकं शांत वाटतं, मला मात्र धडधड होते.

या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत.

आधी कागद, कारण निम्मा त्रास तिथेच संपतो. कागदाचे तंतू पाणी पितात आणि फुगतात, आणि सगळीकडे सारखे फुगत नाहीत. त्यामुळे टेकड्या-खड्डे होतात आणि रंग खड्ड्यांत साचतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्यतो पूर्ण सुती कागद घ्या. रंगांवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा कागदावर घाला, रंग साधे चालतील. कागद हलका असेल तर तो ताणून घ्यावा लागतो. पाच ते दहा मिनिटं पाण्यात बुडवा, प्लायवूडच्या फळीवर सपाट पसरा, चारही कडांना पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी लावा आणि रात्रभर आडवा वाळू द्या. नेहमीची मास्किंग टेप ओल्या कागदावर टिकत नाही. वाळताना कागद आक्रसून ढोलकीसारखा ताठ होतो. चित्र त्याच फळीवर पूर्ण करा आणि सगळं वाळल्यावरच पट्टी कापा.

आता ते डाग. पाणी जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे पळतं आणि जाताना रंगाचे कण ढकलत नेतं. कण जिथे थांबतात तिथे ती कातरलेली कड उमटते. म्हणून कागदाची चकाकी वाचायला शिकायचं. पृष्ठभाग आरशासारखा चमकतोय तोवर रंग सोडता येतो. चमक जाऊन नुसती मंद झाक उरली की मऊ कडांचे ढग काढता येतात. चकाकी पूर्ण गेली, पण बोटांची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो, ती घडी सगळ्यात धोक्याची. कागद वाळल्यासारखा दिसतो, आपण ‘इथे जरा नीट करू’ म्हणून ओला ब्रश टेकवतो आणि डाग उठतो. त्या वेळी ब्रश खाली ठेवा आणि हात मागे बांधा. कागद गार लागायचा थांबला की पुढचा थर.

आकाशाचा सपाट थर असा द्या. फळीच्या वरच्या कडेखाली तीन-चार सेंटिमीटर जाडीचं पुस्तक ठेवा, म्हणजे उतार मिळेल. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवा, कारण मधेच रंग संपला की तो कालवेपर्यंत कड वाळते. १२ नंबरचा गोल ब्रश भरून वरून एक आडवा पट्टा ओढा. त्याच्या खालच्या कडेला रंगाची ओळंबलेली धार जमेल. पुढचा पट्टा त्या धारेला स्पर्श करत ओढा, धार खाली सरकेल. असं करत तळाशी या आणि वर गेलेल्या पट्ट्यावर पुन्हा फिरू नका. शेवटी तळाशी उरलेली धार पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. हे राहिलं तर वाळताना ती धार वर चढते आणि खालच्या कडेलाच डाग उमटतो. रंग वाळला की फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा गडद वाटायलाच हवा.

चिखल होतो तो रंगद्रव्यांच्या गर्दीमुळे. तांबडा, पिवळा, निळा हे तिन्ही एका मिश्रणात आले की ते करड्या-तपकिरीकडे झुकतं. त्यात ट्यूबमधला ‘एक’ रंग कित्येकदा दोन-तीन द्रव्यं मिसळून केलेला असतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत द्रव्याचा संकेतांक असतो, तो वाचा. अल्ट्रामरीन निळ्यावर पीबी २९ एवढाच असतो, म्हणजे एकच द्रव्य. ज्यांच्यावर एकच संकेतांक आहे असे रंग निवडा आणि एका वेळी दोनच मिसळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी नुसती पालथी-सुलटी करून बघण्यात एक संध्याकाळ घालवा. निळा जास्त पडला तर पावसाळी ढगाचा राखाडी मिळतो, तपकिरी जास्त पडला तर उबदार सावली. दोन्ही सारखे घेतले की जवळजवळ काळा. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला.

धडधड होते म्हणता, तर काही दिवस चित्र काढूच नका. पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा आणि रोज एकच सपाट थर द्या. रंगाची धार ब्रशमागे एकसारखी खाली सरकताना बघणं हा या छंदातला सगळ्यात शांत भाग आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर माउथ ऑर्गन घेतला, सी पट्टीचा, दहा भोकांचा. दुसऱ्या भोकात श्वास ओढला की सूर घोगरा येतो किंवा येतच नाही. वाद्य बिघडलंय का? आणि पहिल्या भोकापासून सरगम वाजवताना मध्यम नि धैवत सापडत नाहीत.

वाद्य बहुधा ठणठणीत आहे. दुसऱ्या भोकाची ओढ जवळपास प्रत्येक नवशिक्याला दगा देते. जबडा आवळलेला आणि जीभ वर उचललेली असली की तोंडातली पोकळी अरुंद होते, हवा जोराने खेचली जाते आणि पत्ती तिच्या सुरावरून खाली ओढली जाते. जांभई येताना तोंड आतून जसं मोकळं होतं तसं ठेवा, जीभ खाली. आधी १, २ आणि ३ ही तिन्ही भोकं एकत्र धरून हळू श्वास ओढा, मग ओठ आवळत आवळत फक्त दुसऱ्यावर या. श्वास थंड चहाच्या स्ट्रॉसारखा चोखायचा नाही, नुसता आत येऊ द्यायचा. पडताळा वाद्यातच आहे. तिसऱ्या भोकात फुंकल्यावर जो सूर येतो, तोच दुसऱ्यात ओढल्यावर यायला हवा. दोन्ही जुळले की वाद्य निर्दोष आहे असं समजा.

मध्यम आणि धैवत सापडत नाहीत कारण खालच्या सप्तकात ते नाहीतच. पहिल्या तीन भोकांत फुंकल्यावर सा, ग, प येतात आणि ओढल्यावर रे, प, नी. ही रचना साथीसाठी केलेली आहे, म्हणजे तिन्ही भोकं एकत्र वाजवली तर सूर एकमेकांत मिसळावेत. पूर्ण सप्तक चौथ्या भोकापासून मिळतं: ४ फुंकून सा, ४ ओढून रे, ५ फुंकून ग, ५ ओढून म, ६ फुंकून प, ६ ओढून ध. इथपर्यंत आधी फुंकर, मग ओढ. सातव्या भोकावर क्रम उलटतो. ७ ओढून नी आणि ७ फुंकून वरचा सा. म्हणजे ध आणि नी लागोपाठ ओढीचे आहेत. बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण सवयीने सातव्यात आधी फुंकर जाते. फक्त प ध नी सा एवढाच तुकडा शंभरदा करा. छाती हवेने भरून आली तर नाकातून सोडा.

दिवसाच्या शेवटी चाली नकोशा वाटल्या तर पहिली तीन भोकं धरून दोनदा ओढा, दोनदा फुंका, आगगाडीच्या ठेक्यात. आधी हळू, मग आणखी हळू. वाजवण्याआधी चूळ भरा. नंतर भोकं तळहाताकडे करून वाद्य हलकेच आपटा आणि वाळल्यावरच पेटीत ठेवा. आतली चौकट लाकडी असेल तर ते पाण्याखाली धरू नका, लाकूड फुगतं.

प्रश्न : हजार तुकड्यांचं जिगसॉ कोडं घेतलं. त्यात एक तृतीयांश निळं आकाश आहे. दोन आठवडे तिथेच अडकलोय.

रंगाने शोधणं सोडा, आकाराने लावा. कडेचे तुकडे वगळले तर चार बाजूंच्या तुकड्याचे सहाच प्रकार होतात: एकही बोंड (बाहेर आलेला गोल भाग) नसलेला, एक बोंड, समोरासमोर दोन, शेजारीशेजारी दोन, तीन आणि चारही. निळे तुकडे या सहा ढिगांत रांगेने मांडा. मग रिकाम्या जागेकडे बघून ‘मला दोन समोरासमोर बोंडांचा हवा’ असं ठरवलं की तीनशेहून अधिक तुकड्यांऐवजी एकाच ढिगातून शोधायचं राहतं.

तुकडा बसला तरी विश्वास ठेवू नका. एकरंगी भागात चुकीचा तुकडा सहज बसतो आणि पन्नास तुकडे पुढे गेल्यावर उघडा पडतो. दिवा बाजूने, खालून तिरपा धरा. खोटी जोडणी असेल तर एका कडेला बारीक फट किंवा उंचवटा दिसतो. कोडं लावायला ७५ बाय ५५ सेंटिमीटरची तरी फळी घ्या, म्हणजे जेवणाच्या वेळी सगळं उचलून बाजूला ठेवता येईल. पुढच्या खेपेला पाचशे तुकड्यांचं, बारीकसारीक तपशिलांनी भरलेलं चित्र निवडा.

प्रश्न : छंदातही आता आकडे शिरलेत. रोज किती ओळी विणल्या, किती पानं भरली, याची वही ठेवतो आणि एखादा दिवस चुकला की खट्टू होतो.

वही बंद करा. त्याऐवजी दोन कामं हाताशी ठेवा. एक अवघड, सुट्टीच्या दिवसासाठी. दुसरं इतकं सोपं की थकलेल्या डोक्यानेही चुकणार नाही, उदाहरणार्थ एकाच टाक्याची सरळ पट्टी. दमून आल्यावर अवघड नक्षी उघडली की चुका होतात, मग उसवणं आलं, आणि विसाव्याची वेळ चिडचिडीत जाते.

काम थांबवायचं ते अर्धवट ओळीत, पुढचा टाका कुठला हे माहीत असताना. दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या हात चालू होतो, ‘कुठून सुरू करू’ हा विचारच येत नाही. सामान कपाटात कोंबू नका, उघड्या टोपलीत समोर ठेवा.

प्रश्न : आकाश बघायला दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची आहे. जास्तीत जास्त वीसपट मोठं दाखवणारी घ्यावी का?

नको. जितकं मोठं दिसतं तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. वीसपट दुर्बीण तिकाटण्याशिवाय (ट्रायपॉडशिवाय) वापरता येत नाही आणि तिकाटणं आलं की मान अवघडते. ७×५० किंवा १०×५० घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, १०×५० मध्ये ५ मिमी. वय वाढतं तशी अंधारातही बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून पन्नाशीनंतर १०×५० जास्त सोयीची. ७×५० चा ७ मिमीचा झोत डोळ्यात पुरता शिरत नाही.

दुर्बीण आधी डोळ्यांना जुळवून घ्या. दोन्ही वर्तुळं मिळून एक दिसेपर्यंत नळ्या जवळ-लांब करा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने एखादा तारा टाचणीच्या टोकाएवढा करा. मग डावा मिटून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. ती खूण लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक लागतं.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका पांढऱ्या उजेडाने सगळं पाण्यात जातं. विजेरीला लाल कागद लावा. आरामखुर्चीत मागे रेलून कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे दिसतात, दुर्बिणीतून कितीतरी अधिक. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली तेजोमेघाचा धुरकट ठिपका सापडेल. देवयानी आकाशगंगा सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूपाशी नसतात. चंद्र पौर्णिमेला सपाट दिसतो. अर्धा असताना उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, विवरं तिथेच बघा. सूर्याकडे दुर्बीण क्षणभरही वळवू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

गुरू आकाशात असेल तेव्हा दुर्बीण भिंतीला किंवा खांबाला टेकवून धरा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीन. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच उपग्रह पाहून नोंदवले. एका कागदावर मधे गोल काढा आणि ठिपके जिथे असतील तिथे टिंबं द्या, शेजारी तारीख आणि वेळ. दुसऱ्या रात्री त्याच वेळी खाली नवी ओळ. सगळ्यात आतला उपग्रह पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो आणि बाहेरच्याला जवळपास सतरा दिवस लागतात, त्यामुळे दोन ओळी सहसा सारख्या येणार नाहीत.